मधल्या पानांची पारख

आमच्या दाजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा, या जगात एकाही गोष्टीवर विश्वास नाही. सूर्य पूर्वेला उगवतो एवढं त्यांना मान्य आहे, पण तेही रोज ओट्यावर येऊन खात्री करून घेतल्यावर. आखाडा बाळापूरच्या स्टँडवर बस उभी असली, तिच्यावर हिंगोलीची पाटी असली, तरी ते आधी ड्रायव्हरला विचारतात, मग कंडक्टरला विचारतात, आणि दोघांचं उत्तर एकच आलं की त्यांचा संशय पक्का होतो. "दोघं बी एकच बोलून राहिले. ठरवून बोलून राहिले." डॉक्टरनं दिलेली गोळी ते औषधाच्या दुकानात दाखवतात, दुकानदाराचं मत डॉक्टरला कळवतात, आणि या चौकशीत ताप कंटाळून निघून जातो. माझ्या बहिणीला बघायला आले तेव्हा पोह्याची बशी हातात घेऊन त्यांनी चमच्यानं ती तळापर्यंत उकरली होती. सगळे पाव्हणे बघतच राहिले. "शेंगदाणे वरच दिसून राहिले," दाजी म्हणाले, "खाली एक बी न्हाई." आमच्या वडिलांचा चेहरा पडला. तेवढ्यात दाराआडून अक्का म्हणाली, "खालचे म्या खाल्ले." दाजींनी मान वर केली, दाराकडं पाहिलं आणि तिथंच होकार दिला. सांगितलं ते ताडून पाहता आलं आणि खरं निघालं, असा हा त्यांच्या आयुष्यातला पहिला प्रसंग असावा.

हा संशय त्यांच्या रक्तात होता की धंद्यानं लावला, सांगता येत नाही. बाळापूरच्या एका आडत दुकानात त्यांनी उमर काढली ती मालाची पारख करण्यात. सोयाबीनचं पोतं आलं की त्यात टोकदार पोकळ सळई खुपसायची, पोत्याच्या ऐन मधला माल बाहेर काढायचा, तळहातावर पसरायचा, दाताखाली एक दाणा फोडायचा. हळद आली तर कांडी मधोमध मोडून आतला रंग बघायचा. वरचा माल त्यांनी कधी पाहिलाच नाही. "वरचा माल शेतकऱ्याचा नसतोच," ते म्हणायचे, "वरचा माल शेतकऱ्याच्या इज्जतीचा असतो. खरा माल मधी." पुढं दुकानात ओलावा मोजायचं यंत्र आलं, आकडा दाखवू लागलं, आणि मालकानं दाजींना मानानं घरी बसवलं. दाजी त्या यंत्राकडंही थोडे दिवस संशयानं बघायला गेले. मग तेही थांबलं. सळई खुपसायला काही उरलं नाही, तेव्हा अक्कानं कंटाळून त्यांना गावच्या वाचनालयात धाडलं.

तिथं त्यांच्या नजरेस एक जाडजूड कादंबरी पडली. विटेएवढी. दाजींनी ती हातात तोलली आणि ग्रंथपालाला म्हणाले, "एवढं एका माणसानं लिवलं? मंग मधी भेसळ आसनारच." आणि केवळ लेखकाला रंगेहाथ पकडायचं म्हणून त्यांनी ती घरी आणली. पुढचे कितीतरी दिवस ते ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसलेले असायचे, कारण पाठीमागून कुणी वाचणार नाही याचा भरवसा नाही. कुठं लेखकानं उगाच पान भरलंय, कुठं एखादं माणूस नुसतं वजन वाढवायला घातलंय, हे ते शोधत होते. कादंबरी संपली. मी त्या रविवारी गेलो होतो. विचारलं, "काय दाजी, सापडली का भेसळ?" ते बराच वेळ रस्त्यावरच्या मालट्रका बघत बसले आणि म्हणाले, "न्हाई सापडली. पन आसंलच." मग त्यांनी त्याहून जाड पुस्तक आणलं.

अशा रीतीनं, केवळ संशयापोटी, आमचे दाजी आमच्या तालुक्यातले सगळ्यात धीराचे वाचक झाले. पातळ पुस्तकाला ते हात लावत नाहीत; ज्याला एवढ्यात आटपायचंय त्याला काहीतरी लपवायचंय, असं त्यांचं म्हणणं. प्रस्तावना वाचत नाहीत. "हा कोन मधीच? दलाल हाय हा." प्रस्तावनेच्या पानांना ते चक्क सुतळी बांधून टाकतात, वाचताना डोळा चुकून तिकडं जायला नको. कादंबरीतल्या माणसांवर त्यांची पाळत असते. एका पुस्तकात पहिल्याच प्रकरणात एक मुनीम नुसता कंदील धरून उभा होता. दाजींनी अक्काला हाक मारून सांगितलं, "ह्याच्यावर ध्यान ठेवा लागंल. कंदील धरून उभा हाय आन् बोलून न्हाई राहिला." तो मुनीम पुन्हा आलाच नाही. दाजी पुस्तकभर त्याची वाट बघत राहिले आणि संपल्यावर म्हणाले, "लई हुशार निघाला. सटकला."

वाचणाऱ्यांवर तर त्यांचा संशय पात्रांहून जास्त. वाचनालयाचं पुस्तक हाती आलं की आधी ते मिटलेलं धरून त्याची कड उन्हात बघतात. बोटांच्या मळानं कड जिथवर काळी झाली तिथवर गावानं वाचलं, त्यापुढं पांढरी. बहुतेक सगळ्या थोर कादंबऱ्या पाव भागापर्यंत काळ्या होत्या. "बगा," ते म्हणत, "इथं गाव दमलं." एकदा वाचनालयाच्या कार्यक्रमात एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक एका अशाच कादंबरीवर तासभर बोलले. दाजी मागच्या खुर्चीवरून उठले. मधलाच माल काढायची त्यांची सवय. "गुरुजी, त्या दुसऱ्या भागात ती म्हातारी खिडकी काहून लावून घेते?"

गुरुजी गंभीर झाले. "ते प्रतीकात्मक आहे."

"वारं येत होतं," दाजी म्हणाले आणि खाली बसले.

सभागृह हसलं. मी मात्र हसलो नाही. पहिल्या रांगेत पाहुणा म्हणून मी बसलो होतो आणि पुढचा प्रश्न मला येऊ नये म्हणून मागं वळून बघत नव्हतो. आता हे लिहायला बसलोच आहे तर ते सांगूनच टाकतो. मी हिंगोलीला महाविद्यालयात मराठी शिकवतो. नदीकाठच्या एका घराण्यावरची तीन खंडांची एक जुनी कादंबरी आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण माझे विद्यार्थी हे वाचतील आणि त्यांना मी ती वर्षानुवर्षं शिकवलेली आहे. पहिला खंड अभ्यासक्रमाला होता. तो मी वाचला. उरलेले दोन खंड सारांशावर भागवले. वर्गात "ज्याच्याजवळ धीर आहे त्यालाच ही कादंबरी भेटते" असं वाक्य मी दर वर्षी म्हणतो, मुलं ते लिहून घेतात, आणि दर वर्षी मला कुणीतरी मागून हाक मारेल असं वाटतं.

वाचनालयातली जाड पुस्तकं संपल्यावर दाजींनी ती कादंबरी माझ्याकडं मागितली. मी कपाटातून तिन्ही खंड काढले आणि आधी स्वतःच उन्हात धरून बघितले. पहिल्याची कड मळलेली, बाकीच्या दोन्हींच्या कडा दुधासारख्या. काय सांगू, मी, या वयाचा माणूस, डोक्याला तेल लावून घेतलं आणि त्याच तेलकट बोटांनी दोन्ही खंडांच्या कडा बसून मळवल्या. बायकोनं विचारलं, काय करताय? म्हटलं, धूळ पुसतोय. दाजींनी ती पुस्तकं उन्हात धरली, कड बघितली, मग माझ्याकडं बघितलं, आणि "हां" एवढंच म्हणाले. त्या "हां"चा अर्थ मी आजतागायत लावतो आहे. त्यांनी माझी परीक्षा मात्र कधीच घेतली नाही. अख्ख्या जिल्ह्याला मधलं विचारणारा माणूस मला म्हणायचा, "तुमाला काय इच्यारावं परफेसर, तुमी तर शिकवता." विश्वास म्हणून म्हणायचे की दुसरं काही, हे ओळखायला मी त्यांच्या डोळ्यांत बघायचो आणि आधी मीच नजर खाली घालायचो.

त्याच डोळ्यांनी घोटाळा केला. एका डोळ्यात काचबिंदू होताच. दुसऱ्यातला मोतीबिंदू काढला आणि नेमका तो डोळा चिघळला. डॉक्टरनं वाचन बंद करायला सांगितलं, दोन्ही डोळ्यांवर काळा चष्मा आणि पट्टी. दाजी तेव्हा तिसऱ्या खंडाच्या सुरुवातीला होते. पट्टी बांधलेल्या माणसाला साऱ्या दुनियेचा संशय येतो, पण दाजींना चिंता एकाच गोष्टीची होती. "धाकट्यानं थोरल्याला वाटनीत फसवलं," ते अक्काला सांगत, "आन् थोरली सून गप हाय. ती गप बसनारी बाई न्हाई. फुडं काय झालं?" अक्काला वाचता येतं, पण ती दोन ओळींनंतर स्वतःची मतं घालते. म्हणून तिनं मला फोन केला, "भाऊ, दर रैवारी येत जा. तू वाच, ह्यांचा तुझ्यावर भरवसा हाय."

मी जाऊ लागलो. पहिले दोन रविवार प्रामाणिकपणे वाचलं. मग नदीला पूर आला. म्हणजे कादंबरीतल्या. पान उलटावं तर पाणी, पुन्हा उलटावं तर पाणी; घराला वेढा पडलेला, धाकटा दीर आणि थोरली सून माळ्यावर अडकलेले आणि काहीच घडत नाही. मला परतीची बस गाठायची होती, घसा कोरडा पडला होता, आणि समोरचा माणूस डोळे बांधून बसला होता. मी आधी एक परिच्छेद सोडला. दाजी "हं" म्हणाले. मग एक पान सोडलं. पुन्हा "हं". मग बोटानं जाड चिमूट धरून मी अख्खा पूर उलटला आणि पाणी ओसरल्यावरच्या वाक्यापासून सुरू केलं. आवाज माझा तोच, वर्गातला, भारदस्त. साऱ्या जन्मात ज्यानं पोत्याच्या मधला माल सोडला नाही, त्याच्यासमोर मी मधलाच माल काढून घेतला आणि त्याला कळलं नाही.

पुढच्या रविवारी शेवट आला. धाकटा भाऊ सगळं गमावून दारात येतो आणि थोरली सून त्याला काही न बोलता पाट मांडते, पाणी देते. मी खंड मिटला.

"हिनं माफ काहून केलं?" दाजींनी विचारलं.

"मोठ्या मनाची बाई आहे, दाजी."

"न्हाई. ही तसली न्हाई. दोन खंड वळखतो मी हिला. हिनं दाण्याचा हिशोब दिराकडून घेतलेला हाय. ही फुकट माफ करनार न्हाई." त्यांनी चष्मा सारखा केला. "इथं भेसळ हाय."

मी खंड पिशवीत घातला.

"सापडली म्हना शेवटी," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. घरातलं एखादं माणूस चोरी करताना दिसावं तसा तो आवाज होता.

त्यानंतर अक्काचा फोन आला तो वेगळ्याच सुरात. "भाऊ, काय वाचलास रे तू ह्यांच्या म्होरं? पट्टी निघून राहिली आता, डॉक्टर म्हनला हळूहळू वाचा, तर हे पुस्तकाला हात लावून न्हाई राहिले. म्हनतात, समदे सारखेच. लबाड. सुतळी सोडून ठेवली सगळी. नुसतं रस्त्याकडं तोंड करून बसतात. मला भ्या वाटून राहिलं." मी तिला काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला. त्या आठवड्यात मी वर्गात त्याच कादंबरीचा तास घेणार होतो. तास रद्द केला आणि सोडलेला पूर वाचायला बसलो. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, पान न उलटवता.

तिथं खरोखर काही घडत नाही. माळ्यावर दोन माणसं, एक धान्याची कणगी, भोवती पाणी. थोरल्या सुनेचा दिरावर विश्वास नाही. तो बियाणं चोरील, वाईट वागेल, या संशयानं ती त्याच्यावर डोळा ठेवून बसते. तो काय करतो ते बघायला ती झोपल्याचं सोंग घेते. आणि तो उठतो, वाटीनं कणगीच्या तळाशी शिरलेलं पाणी उपसून काढतो, आवाज न करता, पुन्हा पुन्हा. ती बघते. तिला वाटतं, आता घेईल मूठभर. तो घेत नाही. पान उलटलं की पुन्हा तेच, पुन्हा तिचा संशय, पुन्हा वाटी. लेखकानं ते इतकं लांबवलंय की शेवटी वाचणारा थकतो, आणि त्याच सुमाराला तीही थकते, संशय घेऊन घेऊन. माफी तिनं तिथं केलेली आहे. पाट नंतर मांडलाय. मी पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिलो. ज्याच्याजवळ धीर आहे त्यालाच ती भेटते, हे वाक्य मी किती वर्गांना सांगितलं होतं!

रविवारी बाळापूरला गेलो. वाटेत कळमनुरीपर्यंत मी मनात भाषण तयार केलं होतं, माफीचं, शुद्ध मराठीत. अक्का ओट्यावर तूर पाखडत होती, दाजी खुर्चीत. मी बसलोही नाही. "दाजी, भेसळ लेखकाची नाही. माझी आहे. मी मधलं गाळलं."

अक्काचं सूप थांबलं.

"काय गाळलं?"

"पूर."

"कुठला पूर? सगळा?"

"सगळा."

"आक्खा पूर गिळलात परफेसर?" ते म्हणाले. मला वाटलं आता बोलतील, ओरडतील, घरी जा म्हणतील. आणखी एक गोष्ट सांगायची होती, तीही बाहेर पडली. "आणि मी ती आधीही वाचली नव्हती. शिकवतो, पण वाचली नव्हती."

"आरं, लाज हाय का तुला!" अक्का म्हणाली. "ह्यांनी जेवन सोडलं तुझ्यापायी."

पण दाजींचं तिच्याकडं ध्यान नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं. ते पुढं झुकून विचारत होते, "म्हंजे लिवनारा बराबर हाय?"

"बराबर आहे, दाजी. पै न पै बरोबर आहे."

त्यांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. "आन् मी इतके दिस त्याला चोर म्हनून राहिलो," ते म्हणाले. "गेलेलं मानूस. आता त्याची माफी कोनाजवळ मागावी?" मग बोटानं डोळ्याच्या कडेचं पाणी टिपलं, डोळ्याला तकलीफ आहे म्हणून, असं म्हणाले. थोड्या वेळानं हात पुढं केला. "आना पुस्तक. पुरापासून."

मी वाचायला बसलो तेव्हा त्यांनी आपला तळहात पुस्तकाच्या उजव्या पानावर ठेवला. उमरभर दाणे ज्या हातावर तपासले तो हात. मी पान संपवायचो, ते हात उचलायचे, मी एक पान उलटायचो, ते बोटांनी चिमटीत धरून एकच आहे का बघायचे, आणि पुन्हा हात ठेवायचे. मला राग आला नाही. उलट, खरं सांगतो, इतकं हलकं मला वर्गात कधी वाटलं नव्हतं. ती वाटीनं पाणी उपसायची जागा आली तेव्हा अक्काचं पाखडणं पुन्हा थांबलं. दाजी कितीतरी पानांनंतर एवढंच म्हणाले, "हां. आता बसली बराबर." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "मानसावर शक घ्यायला बी लई पानं लागतात. आन् शक जायला त्याच्याहून जास्त. पातळ पुस्तकात कसं व्हनार ते?"

त्यालाही आता बरेच दिवस झाले. ती कादंबरी संपली, दुसरी संपली, सध्या तिसरी चालू आहे. मी दर रविवारी जातो. दाजींचा डोळा डॉक्टरच्या मते सुधारलाय. दाजींच्या मते नाही. आणि डॉक्टरवर त्यांचा विश्वास कधी होता? परवा मी फाटकातून आत येत होतो तर ओट्यावरून आवाज आला, "परफेसर, खालची गुंडी वरच्या काजात गेली तुमची." मी बघितलं, खरंच गेली होती. वर जाऊन बसलो, तर पुस्तक माझ्यापुढं सरकवत म्हणाले, "आजून धुरकट दिसून राहिलं. वाचा तुमी."

अक्का आत तोंडाला पदर लावून हसत होती. मी गुंडी नीट लावली आणि वाचायला लागलो. या कादंबरीची फार पानं आता राहिलेली नाहीत. हल्ली मी जरा हळू वाचतो. दाजींनाही ते कळलं असावं असा मला संशय आहे, कारण मध्येच हात पानावर दाबून ते म्हणतात, "थांबा. ती मागची ओळ पुन्यांदा वाचा," आणि मी वाचतो.